मुरक्का : ठिगळांची वही

बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून भाचीनं तिच्यासाठी एक वही करायला घेतली. फोटो, लग्नपत्रिका, एस.टी.ची तिकिटं, पत्रं असं सगळं चिकटवायचं आणि शेजारी दोन ओळी लिहायच्या. याला स्क्रॅपबुक म्हणतात. कागद जुना दिसावा म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवायचा, हेही ती शिकून आली होती. मी गेलो तेव्हा परातीत चहाचं पाणी होतं आणि तिच्या हातात, माझ्या वडिलांनी लेकीला सासरी लिहिलेलं पहिलं पत्र. शाईपेनानं लिहिलेलं. ‘‘मामू, जरा पिवळं झालं की छान दिसेल,’’ ती म्हणाली. मी पत्र आधी हातातून काढून घेतलं आणि मग तिला एक गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

हा छंद नवा नाही आणि परकाही नाही. इराणच्या आणि मुघलांच्या दरबारात अशा वह्या होत. तिला ‘मुरक्का’ म्हणत. ‘रुक्आ’ म्हणजे तुकडा, ठिगळ. मुरक्का म्हणजे ठिगळं जोडून केलेलं. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्यालाही हाच शब्द आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर कागदाची गोधडी!

ही गोधडी शिवायची रीत मोठी कष्टाची. कागदावर कागद खळीनं चिकटवून जाड ताव करायचा, त्याला वसली म्हणत. त्यावर चित्र किंवा सुंदर अक्षरातला मजकूर बसवायचा, चहूबाजूंनी नक्षीचा हाशिया जोडायचा. अकीकासारख्या गुळगुळीत दगडानं कागद घोटून चकचकीत करायचा. जहांगीर बादशहाचा ‘गुलशन’ नावाचा मुरक्का आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. त्यात इराणी अक्षरं आहेत, मुघल चित्रं आहेत आणि युरोपातून आलेली छापील चित्रंही आहेत. कुठले कुठले तुकडे एका वहीत शेजारी येऊन बसले!

कागद रंगवणंही जुनंच. सुलतान अली मशहदी या थोर सुलेखनकारानं १५१४ साली लेखनकलेवर एक पद्यग्रंथ लिहिला. कागदाला केशर, मेंदी आणि शाईचे काही थेंब यांचा रंग द्यावा, असं त्यात सांगितलं आहे. लक्षात घ्या, कागद म्हातारा दिसावा म्हणून हा खटाटोप नव्हता. कोरा पांढरा कागद डोळ्यांना खुपतो, सौम्य रंगावर अक्षर खुलतं, म्हणून होता.

आता ज्यांना हे घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी. कागद जाडसर घ्या. वेरूळच्या वाटेवर दौलताबादच्या पुढे कागजीपुरा लागतो, तिथला हातकागद यासाठी उत्तम. कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळा, गाळा, निवू द्या. कापसाच्या बोळ्यानं ते पाणी कागदावर फिरवा आणि कागद सावलीत वाळवा. सुरकुत्या हव्या असतील तर कागद आधी चुरगाळून उलगडा. मग चहाचं पाणी घड्यांमध्ये जास्त मुरतं. कडा कात्रीनं कापू नका. ओल्या कुंचल्यानं रेघ ओढा आणि त्या रेघेवर हलक्या हातानं फाडा. धागे सुटलेली मऊ कड मिळते. कोरड्या कागदाची कड बारीक पॉलिश पेपरनं घासली तरी चालते. शेवटी वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

मात्र हे सगळं नव्या कागदावर. चहातलं टॅनिन कागदाला पुढे ठिसूळ करतं, शाईपेनाची अक्षरं पाण्यानं पसरतात. म्हणून मूळ पत्राला हात लावू नका. त्याची झेरॉक्स काढा आणि तिला हवं तेवढं म्हातारं करा. मूळ पत्र, मूळ फोटो यांना सेलोटेप आणि गोंदही नको. कागदाचे चार त्रिकोणी कोपरे वहीला चिकटवा आणि त्यांत ते अडकवा. म्हणजे पुढच्या पिढीला ते काढून मागची बाजूही वाचता येईल.

कागदाला मुद्दाम जखम करण्याची आणखीही एक रीत इतिहासात आहे. शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह यानं १६४० च्या दशकात आपल्या बेगमेला, नादिरा बानूला एक मुरक्का भेट दिला. समोरासमोरच्या दोन पानांवर चित्रं, पुढच्या दोन पानांवर सुलेखन, अशी त्याची मांडणी. १६५९ साली नादिरा वारली, त्याच वर्षी औरंगजेबानं दाराला ठार केलं. वही शाही ग्रंथालयात गेली आणि दाराशी नातं सांगणारे लेख तिच्यातून खोडण्यात आले. पण सगळेच खोडता आले नाहीत. ती वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि नवऱ्यानं बायकोला दिलेली भेट म्हणूनच जग तिला ओळखतं.

भाचीनं परातीत झेरॉक्स बुडवली. ती झकास पिवळी झाली, वहीच्या पहिल्या पानावर बसली. वडिलांचं पत्र शेवटच्या पानावर, चार कोपऱ्यांत अडकवलेलं आहे. घडीवर ते आपलं आपण पिवळं पडू लागलं आहे. बहिणीनं वही हातात घेतली आणि आधी शेवटचंच पान उघडलं.