गार पायांचा इतिहास

मी वैद्य नव्हे आणि जपानी भाषेचा पंडित तर मुळीच नव्हे. कामगारांच्या तक्रारी लिहून घेणे हा माझा तीस वर्षांचा उद्योग. मासळी गोठवण्याच्या एका कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या बाया सांगत, “दादा, पाय दिवसभर गार, रात्री पांघरुणातही ऊब येत नाही.” डॉक्टर तपासत आणि चिठ्ठीवर लिहीत, ‘दोष नाही’. त्या दोन शब्दांपायी मी पुस्तके चाळू लागलो आणि पुस्तकांतूनच जपानात पोहोचलो.

तिकडे या तक्रारीला ‘हिए’ म्हणतात. इतरांना गारठा वाटत नसताना एखाद्याचे हात, पाय, कंबर गार पडणे, ही ती. कित्येकांचे पाय गार आणि डोके मात्र तापलेले असते. त्यालाही निराळे नाव आहे. या विकाराचा शब्द ‘हिएशो’, आणि तो दोन तऱ्हांनी लिहितात. उच्चार एकच, पण शेवटच्या अक्षराचा अर्थ एका लेखनात ‘प्रकृती’, तर दुसऱ्यात ‘रोगलक्षण’. प्रकृतीच तशी म्हटले की बोलणे संपले. लक्षण म्हटले की कोणाला तरी उपाय करणे भाग पडते.

उपाय जुना आहे. इसवी सन 200 च्या सुमारास चीनमध्ये चांग चुंगचिंग याने शीतबाधेवर ग्रंथ रचला. जपानी वैद्यांनी तो पुढे शिरोधार्य मानला. नाडी बारीक आणि हातपाय गार पडलेल्या रोग्यासाठी त्यात एक काढा आहे. त्यात दालचिनी आणि ज्येष्ठमध पडते. थंडी पोटात मुरलेली असेल तर आलेही घालावे, असे सांगितले आहे. आपल्या आजीला हे नवल वाटले नसते! गोतो कोन्झान (1659–1733) या वैद्याने सर्व रोगांचे मूळ प्राणवायू तुंबण्यात शोधले आणि उन्हाळ्याच्या झऱ्यांतले स्नान व डाग यांवर भर दिला. हा डाग तापल्या सळईचा नव्हे. दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची लव अंगावर ठेवून ती पेटवायची.

मग मेइजी राजवट आली. 1874 च्या वैद्यकीय नियमांनी पाश्चात्त्य विद्येला मान दिला, 1883 मध्ये परवान्याची परीक्षाही त्याच विद्येची ठरली. जुन्या वैद्यांनी झगडून विधेयक आणले, ते 1895 मध्ये संसदेत पडले. नव्या पुस्तकांत ‘हिए’ नावाचा रोग नव्हता. बायांचे पाय मात्र गारच राहिले. हे काढे राष्ट्रीय आरोग्य विम्यात मोठ्या संख्येने आले ते 1976 मध्ये, आणि आज पाश्चात्त्य विद्या शिकलेले डॉक्टरच ते लिहून देतात. मला जुन्या वैद्यांचा कैवार घ्यायचा नाही. त्यांनीही थंडी पुष्कळदा बाईच्या रक्तातच शोधली, तिच्या कामाच्या जागेत नव्हे. कचेऱ्यांत गार हवेची यंत्रे आल्यावर मात्र जपानीत ‘रेइबोब्यो’, म्हणजे गारव्याच्या यंत्राचा आजार, असा शब्द रुजला. त्या शब्दात निदान यंत्राचे नाव तरी आहे.

आमच्या मागणीपत्रात आम्ही ‘प्रकृती’ हा शब्द येऊ दिला नाही. लोकरी मोजांचे दोन जोड आणि दर दोन तासांनी ऊन पाण्यात हात धरायला दहा मिनिटे, एवढेच मागितले. दहा मिनिटे मिळाली. मोज्यांचा पत्रव्यवहार चालू आहे.