भूकंपाच्या दिवशीचं आदण

११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेच्या भूकंपाची ही वेळ मी पुस्तकात वाचली. आजोबांच्या हिशेबी ती ‘आदण काकवीला आलं होतं तवाची’ वेळ, आणि आमच्या घरात तीच चालते.

आमची शेती कोयनाकाठची, पाटण-कराड पट्ट्यातली. भाऊबंदांत मिळून चरक एकच, त्यामुळे गुऱ्हाळाची पाळी ठरलेली. पाळी आली की रात्र म्हणायची नाही. तोडलेला ऊस फार दिवस पडून राहिला तर गूळ घट्ट होत नाही, आणि गाळलेला रस तर काही तासांतच आंबतो. म्हणून मार्गशीर्षातल्या त्या थंडीत बापे सगळे मळ्यात होते. चंद्र कधीच मावळला होता. चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसून जाळव्या चिपाडं सारत होता आणि गुळवेमामा काहिलीवरची मळी काढत होते.

जमीन गुरगुरली ती घरी जात्यावर बसलेल्या आजीला ऐकू आली. मळ्यात नाही. तिथं डिझेल इंजिनाची धडधड चालू होती. आजोबांनी पाहिला तो रस. उकळता रस एका बाजूला चढला, काठावरून खाली सांडला, परत दुसऱ्या बाजूला गेला. जाळव्याला दोघांनी बखोटीला धरून खड्ड्यातून वर ओढलं. मामा ओरडले, “इस्तू काढा! आधी इस्तू काढा!”

थोरले चुलते सांगतात, काहील पालथीच झाली. ते तेव्हा सात-आठ वर्षांचे आणि घरी झोपलेले, म्हणजे त्यांनी पाहिलं काहीच नाही. मला हे पटत नाही. काहील चुलवाणावर बसवून कडेनं मातीनं लिंपलेली असते. भरल्या आदणाची ती उलटली असती, तर भोवतीच्या माणसांपैकी सांगायला कोणी उरलं नसतं. आजोबा म्हणायचे, चार-पाच घागरी रस गेला. एवढाच गेला असणार.

घरची मागची भिंत मात्र बाहेर कोसळली. आत कोसळली असती, तर चुलतेही गोष्ट सांगायला नसते. आजीनं पोरं ओढून अंगणात काढली आणि उजाडायच्या आत मळा गाठला. तिच्या मागोमाग अख्खी आळी आली. घरात पाऊल टाकायची कुणाची छाती होईना, आणि उघड्यावर ऊब होती ती फक्त चुलवाणाशी.

गावाला धक्के नवे नव्हते. १९६२च्या सुमारास धरणात पाणी अडवायला लागल्यापासून भांडी वाजायची, आणि पहिल्यांदा लोकांना वाटायचं, तिकडं सुरुंग लावत असतील. धरणाच्या पाण्याचं ओझं जमिनीला पेलेना, हे म्हातारी माणसं तेव्हाच बोलत होती. पुढे शास्त्रज्ञांचा वाद बरीच वर्षं चालला. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचं नाव घेतात. त्या पहाटे सुमारे १८० माणसं गेली. कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं, धरणाला भेगा गेल्या पण ते टिकलं, आणि मुंबईची वीज गेली. आमच्या गावात वीज होतीच कुठं जायला!

दिवस उजाडल्यावर प्रश्न उभा राहिला तो काहिलीतल्या रसाचा. तो करपायला आला होता. चुलवाणाला आडवी चीर पडून तिच्यातून धूर येत होता. आजोबा म्हणाले, ओतून टाकू. मामा बिघडले. “मालक, घरं पडल्यात, मान्य. पर पोरं सकाळधरनं उपाशी हायती. त्यांनी काय खायाचं?” आजीनं आणि शेजारणींनी शेणमातीचा गारा कालवून चीर लिंपली आणि जाळ पुन्हा धरला. धक्के येतच होते. जमीन हलली की मामा हात वर करायचे, सगळे मागं सरायचे, थांबली की पुन्हा काहिलीला भिडायचे.

मामांनी चिमूटभर पाक गार पाण्यात टाकला, त्याची गोळी वळून परातीच्या काठावर मारली. टणकन् वाजली. काहील दांड्यांवर उचलून वाफ्यात ओतायची खरी जोखीम होती. मधेच धक्का आला असता तर? त्या चार पावलांबद्दल आजोबा एवढंच म्हणायचे, “कुणी श्वास घेतला न्हाई.”

गूळ काळपट निघाला. कराडच्या पेठेत त्याला कुणी विचारलं नसतं. ढेपाही नीट घातल्या नाहीत, वाफ्यातूनच उलथन्यानं खरवडून ज्याच्या त्याच्या ओंजळीत दिला. वर विहिरीचं पाणी. त्या दिवशी आळीचं जेवण ते.

दुपारी राहिलेला ऊस चरकाला लावला, कारण पाळी दुसऱ्या दिवशी आजोबांच्या चुलतभावाची होती. त्याचं घर अर्धं पडलं होतं, पण पाळी सोडायला तो तयार नव्हता. संध्याकाळी बैलगाडीत ऊस भरून हजर! यावर मात्र आजोबा आणि थोरले चुलते यांचं एकमत आहे.