अमेरिकेतल्या काउंटीत अटक झाली तर नोंद कुठे शोधायची?

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या मुलाचा फोन दोन दिवस लागत नाही. मग रूममेट सांगतो की पोलीस घेऊन गेले. इकडे नागपूरला, नांदेडला घरच्यांना काय करावं ते सुचत नाही. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘कुणाची ओळख आहे का?’ अशा वेळी ओळखीच्या आधी एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे तुरुंगाची नोंदवही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ती लोकांना पाहता येते, आणि नागपुरात बसूनही पाहता येते. मात्र ती कुठे शोधायची आणि कशी वाचायची हे माहीत हवं.

पहिली अडचण अशी की संपूर्ण देशाची एकच यादी नाही. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. अटक शहराच्या पोलिसांनी केली तरी माणूस बहुधा काउंटीच्या तुरुंगात जातो. हा तुरुंग बहुतेक ठिकाणी निवडून आलेल्या शेरीफच्या ताब्यात असतो. त्यामुळे ‘अमेरिकेत कुठे?’ याचं उत्तर राज्याच्या नावाने भागत नाही. शहर आणि काउंटी दोन्ही कळायला हवीत. पत्ता माहीत असेल तर नकाशावर काउंटी लगेच सापडते.

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे इथे एकच उदाहरण नीट पाहू. वॉशिंग्टन राज्यातली किंग काउंटी. सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड ही शहरं तिच्यात येतात, म्हणजे आपली बरीच आयटीतली मुलं तिथेच राहतात. जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर सिॲटल. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या नगर परिषदेने तो ठराव केला आणि तो मांडला होता पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी. काउंटीच्या नावाचीही एक गोष्ट आहे. हे नाव मुळात विल्यम रूफस किंग या गुलाम बाळगणाऱ्या राजकारण्याचं होतं. १९८६ मध्ये काउंटीने ठराव केला की यापुढे हे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने समजावं. २००५ मध्ये राज्यानेही त्यावर कायद्याने शिक्का मारला. अक्षर एकही बदललं नाही, माणूस बदलला.

नोंदवही उघडी का असते

वॉशिंग्टनच्या कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगाला एक नोंदवही ठेवावी लागते आणि ती लोकांसाठी खुली असते. माणसाचं नाव, त्याला आत घेतल्याची तारीख आणि वेळ, कारण, आणि सुटका झाली असेल तर कधी व कशी झाली, एवढं त्यात असतं. बाकीची तुरुंगातली कागदपत्रं गोपनीय राहतात. अटकेच्या वेळचा फोटोही या राज्यात सर्वांना दाखवला जात नाही. फ्लोरिडासारख्या राज्यांत मात्र तो सर्रास दिसतो.

पुष्कळांना वाटतं की ही नोंद म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना गुन्हेगार दाखवण्याची सोय आहे. तिचा खरा उपयोग उलटा आहे. सरकारने माणूस उचलला, तर कुठे ठेवला आणि कशासाठी ठेवला हे त्याला लपवता येऊ नये. टेक्सासच्या वॉलर काउंटीत १० जुलै २०१५ रोजी सँड्रा ब्लँड या कृष्णवर्णीय तरुणीला रस्त्यावरच्या किरकोळ वाहतूक कारणावरून थांबवून अटक झाली. जामीन पाच हजार डॉलरचा होता, म्हणजे सुटायला साधारण पाचशे डॉलर लागले असते. १३ जुलैला ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. मधले तीन दिवस किती मोलाचे असतात ते यातून कळतं.

शोध कसा घ्यायचा

किंग काउंटीचा तुरुंग शेरीफकडे नाही. प्रौढ आणि बाल कोठडीसाठी काउंटीचा वेगळा विभाग आहे. त्याचे दोन तुरुंग आहेत, एक सिॲटलच्या मध्यभागी आणि दुसरा केंट शहरात. काउंटीच्या सरकारी संकेतस्थळावर ‘जेल लुकअप’ आहे. तिथे नाव टाकून शोधता येतं आणि पैसे लागत नाहीत. सर्च इंजिनवर सगळ्यात वर जे ‘अरेस्ट रेकॉर्ड’वाले खासगी संकेतस्थळ दिसेल आणि कार्ड नंबर मागेल, तिकडे जाऊ नका. काउंटीची माहिती फुकट असते आणि त्यांच्यापेक्षा ताजी असते.

तिथे नाव सापडलं नाही तर लगेच घाबरून जाऊ नये. त्याची बरीच कारणं असू शकतात. माणूस तुरुंगात पोहोचल्यावर बोटांचे ठसे, फोटो, सामानाची यादी, तब्येतीची विचारपूस असं सगळं होतं, त्याला बुकिंग म्हणतात. ते पूर्ण होईपर्यंत काही तास नाव दिसत नाही. दुसरं म्हणजे काउंटीत दुसरे तुरुंगही आहेत. डे मॉइन शहरात ‘स्कोर’ नावाचा तुरुंग आहे. रेंटन, टकविला, ऑबर्न, बुरियन, सी-टॅक अशा दक्षिणेकडच्या शहरांनी तो मिळून चालवला आहे आणि त्याची यादी वेगळी आहे. कर्कलंड आणि इसाक्वा या शहरांचे स्वतःचे छोटे तुरुंग आहेत. म्हणजे रेंटनला राहणारा मुलगा सिॲटलच्या यादीत न दिसणं अगदी शक्य आहे.

तिसरं कारण खास आपलं. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव कसं छापलंय त्यावर नोंद ठरते. आडनावाचा रकाना रिकामा असेल किंवा सगळं नाव एकाच रकान्यात असेल तर अमेरिकेत पहिल्या नावाच्या जागी ‘एफ-एन-यू’ लिहिलं जातं, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. तेव्हा आधी पासपोर्टची प्रत काढा. मग त्यातल्या स्पेलिंगने शोधा, नाव-आडनाव उलटसुलट करून शोधा, वडिलांचं नाव आडनाव समजून शोधा. कांबळे, गायकवाड, वाघमारे यांची स्पेलिंगं घराघरात बदलतात हे आपल्याला माहीत आहे, तिथल्या कारकुनाला नाही. जन्मतारीख जुळली तरच तो आपला माणूस समजा. एकाच नावाचे पाच निघतात.

तरीही सापडलं नाही तर प्रश्न केंद्र सरकारचा असू शकतो. फेडरल गुन्ह्यातली माणसं सी-टॅकमधल्या फेडरल कोठडीत असतात. त्यांचा शोध ‘फेडरल ब्यूरो ऑफ प्रिझन्स’च्या यादीत घ्यावा लागतो. व्हिसा किंवा स्थलांतराच्या कारणाने ‘आइस’ने पकडलं असेल तर आइसचा वेगळा शोध आहे. त्यात नाव आणि जन्माचा देश, किंवा ‘ए’ने सुरू होणारा परदेशी नागरिक क्रमांक आणि जन्माचा देश द्यावा लागतो. स्पेलिंग तिथे तंतोतंत लागतं. या भागातलं आइसचं केंद्र टकोमाला आहे, म्हणजे किंग काउंटीच्या बाहेर, शेजारच्या पियर्स काउंटीत. अठरा वर्षांखालील मुलांची नावं प्रौढांच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी पालकांनी थेट फोन करावा.

नोंद वाचताना

नोंद सापडली की बुकिंग क्रमांक, तारीख-वेळ, तुरुंग, कलम, जामिनाची रक्कम आणि खटल्याचा क्रमांक लिहून घ्या. यापुढे प्रत्येक फोनवर बुकिंग क्रमांक विचारतील.

समोर लिहिलेलं कलम हे पोलिसांचं म्हणणं असतं. आरोप ठेवायचा की नाही ते प्रॉसिक्यूटर ठरवतो, आणि पुष्कळदा कलम बदलतं किंवा गळतं. वॉशिंग्टनमध्ये वॉरंटशिवाय पकडलेल्याच्या अटकेला पुरेसं कारण आहे का, हे न्यायाधीशाने ४८ तासांत पाहायचं असतं. त्यात शनिवार-रविवार धरतात. कोर्टासमोर पहिली हजेरी साधारण पुढच्या कामाच्या दिवशी होते. आणि ७२ तासांत, सुट्ट्या वगळून, आरोपपत्र दाखल झालं नाही तर माणसाला सोडावं लागतं. म्हणून नोंदीतली वेळ महत्त्वाची. घड्याळ तिथून मोजायचं.

पहिल्या हजेरीला वकील हवा. पैसे नसतील तर ‘पब्लिक डिफेंडर’ मिळतो, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपीची बाजू मांडणारा वकील. आपल्याकडे ‘सरकारी वकील’ म्हणजे विरुद्ध बाजूचा, त्यामुळे घरच्यांची इथे हमखास गल्लत होते आणि ते त्याच्याशी बोलायलाच घाबरतात. तसं करू नका. जामिनाची पूर्ण रक्कम भरली आणि तारखांना हजर राहिलं तर ती परत मिळते. बेल बाँडवाल्याकडून साधारण दहा टक्के देऊन सुटका होते, पण ते दहा टक्के गेले ते गेले. ‘तुमच्या मुलाला सोडवायचंय, गिफ्ट कार्ड घ्या’ असा फोन आला तर तो शंभर टक्के फसवणुकीचा. कोणतंही कोर्ट गिफ्ट कार्ड घेत नाही.

तुरुंगातून येणारा फोन रेकॉर्ड होतो, मराठीत बोललात तरी. तब्येत विचारा, वकिलाचं नाव सांगा आणि काय घडलं त्याविषयी एक शब्दही बोलू नका.

परदेशी नागरिकासाठी दोन गोष्टी जास्तीच्या. व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार त्याला आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे. याच कलमावर भारताने कुलभूषण जाधव यांचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढवला आणि २०१९ मध्ये निकाल मिळवला. भारतीयांच्या बाबतीत अमेरिकेत दूतावासाला आपोआप कळवलं जात नाही. पकडलेल्याने ‘माझ्या दूतावासाला कळवा’ असं स्वतः म्हणावं लागतं. सिॲटलला आता भारताचा वाणिज्य दूतावास आहे. दुसरी गोष्ट, गुन्हा कबूल करून छोट्या दंडावर सुटण्याची ऑफर आली तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. दुकानातली किरकोळ चोरी कोर्टात लहान असते, व्हिसाच्या फाइलमध्ये मोठी होऊ शकते. कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर वकिलाने तो अशिलाला सांगितलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या पडिला खटल्यात म्हटलं आहे.

पुढे खटल्याची माहिती तुरुंगाच्या यादीत मिळत नाही, कोर्टाच्या यादीत मिळते. गंभीर गुन्हे सुपीरियर कोर्टात, किरकोळ डिस्ट्रिक्ट किंवा शहराच्या म्युनिसिपल कोर्टात. पोलिसांचा अहवाल हवा असेल तर राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली अर्ज करता येतो आणि खात्याला पाच कामकाजाच्या दिवसांत काही ना काही उत्तर द्यावं लागतं, निदान आणखी किती वेळ लागेल ते तरी.

आणि ती नोंद ग्रुपवर टाकू नका. स्क्रीनशॉट एकदा फिरला की माणूस निर्दोष सुटला तरी तो फिरतच राहतो, आणि लग्नाच्या स्थळापासून नोकरीपर्यंत आड येतो. अमेरिकेत अशा फोटोंचा धंदाच झाला होता. आधी फोटो छापायचा, मग काढून टाकायचे पैसे मागायचे. जॉर्जियाने २०१३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये त्याविरुद्ध कायदे केले.

आपल्याकडे काय आहे

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ पाहा. प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष असावा, प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक अधिकारी नेमलेला असावा, आणि अटक केलेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, लावलेलं असावं असं ते सांगतं. अटक झाल्याचं नातेवाइकाला कळवावं हे तर डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून ठेवलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटकसत्र झालं आणि सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर तरी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या ठाण्यात तो फलक कुठे आहे आणि तो अधिकारी कोण आहे हे विचारून ठेवायला हवं होतं. अजून विचारलं नसेल तर या आठवड्यात विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर कलम ७ खाली ती तीस दिवसांत नव्हे, ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात ते कलम आणि मागणीचं कारण पहिल्याच ओळीत लिहा आणि पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.