शाळा का बुडते? हजेरी, आजारपण आणि वाटेचा इतिहास

पावसाळा सुरू झाला, शाळा उघडल्या की दवाखान्यात तीन प्रश्न हमखास येतात. "डॉक्टर, ताप उतरलाय, उद्या शाळेत पाठवू का?" "एसटीत बसलं की हिला उलटी होते, काय करू?" आणि "हजेरी कमी पडतेय, सर्टिफिकेट द्याल का?"

आपल्याला हे तीन वेगळे प्रश्न वाटतात. पण शाळेच्या इतिहासात ते नेहमी एकत्रच आलेले आहेत. मूल शाळेत का आले नाही, याची दोन कारणे शंभर वर्षांपूर्वीही तीच होती : शाळा लांब आहे, किंवा मूल आजारी आहे. ही कारणे आधी कुणाची जबाबदारी होती आणि आता कुणाची आहे, हे कळले तर शाळेकडे काय मागायचे आणि घरी काय सांभाळायचे हेही कळते. म्हणून आज थोडा इतिहास आणि शेवटी रोजच्या उपयोगाच्या गोष्टी.

शाळेसाठी ११० मैल

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, बालपण दापोलीजवळच्या मुरूडचे. त्या काळी सहावीची सरकारी परीक्षा द्यायला केंद्रावर जावे लागे. त्यासाठी ते ऐन पावसात मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. मध्ये सह्याद्री. आणि एवढे करून पोचल्यावर, हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण डॉक्टर म्हणून मला दुसरेही काही दिसते. त्या वाटेवर ज्यांना ताप आला, जुलाब लागले, पाय कापला, ती मुले परत फिरली असतील. त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत. केवळ जिद्दीवर चालणारी शिक्षणव्यवस्था थोड्यांनाच पुढे नेते. बाकीच्यांसाठी वाट सोपी करावी लागते.

सक्ती आली, आणि तिच्यासोबत दोन सबबी

महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यात होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला.

ब्रिटिश मुलखासाठी असा कायदा मागणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सुरुवात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून आणि तीही ठरावीक भागांतच, इतकी सावध मागणी. तरीही १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

या विधेयकातले एक कलम मला फार महत्त्वाचे वाटते. मूल शाळेत न पाठवण्यासाठी पालकाकडे ‘रास्त कारण’ कोणते, हे त्यात लिहिलेले होते. पहिले कारण, जवळच्या रस्त्याने मोजून एका मैलाच्या आत शाळा नसणे. दुसरे, आजारपण किंवा अपंगत्व, घरची अडचण, शेतीचा हंगाम. म्हणजे शाळा लांब असेल किंवा मूल आजारी असेल तर पालकाला दोष नाही. त्या काळात ही माणुसकीची गोष्ट होती. पण सबब मान्य झाली म्हणून मूल शाळेत पोचत नाही. पालक सुटतो, मूल घरीच राहते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पाठोपाठ १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. पुढची शंभर वर्षे म्हणजे त्या दोन सबबी एकेक करून पालकाच्या डोक्यावरून सरकारच्या डोक्यावर जाण्याचा इतिहास आहे.

पहिली सबब : अंतर

‘जवळच्या रस्त्याने मोजून’ या शब्दांचे मोल कोकणात राहणाऱ्यालाच कळेल. पूर्णगडच्या किल्ल्यावर उभे राहिले की मुचकुंदीच्या खाडीपलीकडे गावखडी समोर दिसते. हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटते. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर काहीच नाही. पण खाडीवर पूल नसेल, तर तेच अंतर होडी, भरती-ओहोटी आणि वारा ठरवतात. आज पूल आहे म्हणून आपण ते विसरलो. डोंगरातल्या वाडीचेही तसेच. सरळ रेषेत एक किलोमीटर, पण मध्ये पऱ्या (ओहोळ) असला तर जुलैत ती शाळा फार लांब असते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा साधारण एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे धरलेले आहे. जिथे ते शक्य नाही तिथे मुलांच्या प्रवासाची सोय करायची. गोखल्यांच्या विधेयकात अंतर ही पालकाची सबब होती. इथे ती शासनाची जबाबदारी झाली.

प्रवासाची सोय म्हटले की आपल्याला लाल एसटीच आठवते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे तीच खेड्यातल्या मुलांची शाळेची गाडी झाली. आज विद्यार्थ्यांना मासिक पासात जवळजवळ दोन तृतीयांश सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास मोफत मिळतो. आठवीनंतर किती मुलींची शाळा या पासामुळे सुटली नाही, ते गावोगावच्या आयांना विचारा.

स्कूल बसचे नियम मात्र अपघातांनंतर आले. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली आणि २८ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबद्दल निर्देश दिले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, संकटकाळी बाहेर पडायचे दार, गाडीत सहायक, मुली असतील तर स्त्री सहायक आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती. या समितीत पालकांचा प्रतिनिधी असतो, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसते.

दुसरी सबब : आजारपण

शाळेत डॉक्टर कधी आला? इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले बरेच तरुण शरीराने नालायक ठरले, त्याचा धक्का बसला आणि १९०७ मध्ये शाळकरी मुलांच्या तपासणीचा कायदा झाला. भारतात शाळेतली वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, बडोद्यातच. म्हणजे ज्या संस्थानाने आधी सक्ती केली, त्यालाच आधी कळले की आजारी मुलावर सक्ती करून उपयोग नाही.

बाकी देशात मात्र फारसे घडले नाही. १९४६ च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे नोंदवले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यावर समिती नेमली गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर शालेय पोषण आहार सुरू झाला. भुकेल्या पोटी फळ्याकडे लक्ष लागत नाही, हे सरकारी पातळीवर मान्य व्हायला एवढा काळ गेला.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. फिरते आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुले तपासते. जन्मजात दोष, जीवनसत्त्वे-रक्ताची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, अशा चार गटांत शोध घेतला जातो आणि गरज पडली तर पुढचे उपचार मोफत होतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम आपल्या शाळाशाळांतून झाली, ती याच वाटेवरची पुढची पायरी.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अहवालात नीट येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहून ठेवले आहे. बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि पाणी शिपायाने दिले तरच प्यायचे. शिपाई नाही, तर पाणी नाही. हजेरीपटावर तो मुलगा ‘हजर’च होता! आजही शाळेत स्वच्छतागृह धड नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी तपासतो. लघवीची जळजळ, पोटदुखी, डोकेदुखी घेऊन त्या येतात. हजर असणे आणि बरे असणे यात फरक आहे, तो पालकांनी विचारायला हवा.

आता रोजच्या उपयोगाचे

*शाळेत कधी पाठवू नये?*

- ताप असेल तर औषधाशिवाय २४ तास ताप नसेपर्यंत घरीच. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवू नका. दुपारी औषध उतरते, ताप चढतो आणि तोवर शेजारच्या मुलालाही प्रसाद मिळालेला असतो.
- कांजिण्या : सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत.
- गोवर : पुरळ आल्यापासून निदान चार दिवस.
- गालफुगी : सूज आल्यापासून पाच दिवस.
- जुलाब-उलट्या : थांबल्यावर आणखी एक-दोन दिवस.
- साधी सर्दी, जंत किंवा उवा यांसाठी शाळा बुडवायची गरज नाही. उपचार मात्र करा.

*शाळेला काय सांगून ठेवावे?*

दमा, फिट येणे, मधुमेह, हृदयाचा आजार, एखाद्या औषधाची ॲलर्जी हे वर्गशिक्षकांना लेखी द्या. बसच्या सहायकालाही सांगा. दम्याचा पंप दप्तरात असू द्या. लपवण्यासारखे यात काही नाही.

*हजेरीचे काय?*

आजारपणाच्या पहिल्याच दिवशी शाळेला कळवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. महिनाभरानंतर मागच्या तारखेचे सर्टिफिकेट मागू नका. ते देता येत नाही. दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरी लागते, हे आधीच ध्यानात घ्या. मूल दर सोमवारी किंवा ठरावीक तासाच्या दिवशी ‘पोट दुखतंय’ म्हणत असेल, तर पोटाइतकेच शाळेकडेही बघा. चष्मा लागला असेल, कुणी चिडवत असेल, बसमध्ये त्रास होत असेल.

*वाट आणि गाडी*

- गाडी लागत असेल तर पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवा. नजर लांब बाहेर. वळणांच्या रस्त्यावर मोबाइल आणि पुस्तक बंद. उपाशी पाठवू नका, पण तेलकटही नको. औषध लागले तर डॉक्टरांना विचारूनच, कारण त्याने झोप येते.
- दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. शासनाने २०१५ मध्येच तसे सांगितले आहे. घरच्या काट्यावर एकदा तोलून बघा.
- पावसात साचलेल्या पाण्यातून जाणे झाले तर पाय धुऊन कोरडे करा, जखम झाका. चार-पाच दिवसांनी किंवा पंधरवड्याच्या आत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर थांबू नका. लेप्टोची शंका घ्यावी लागते.
- पायवाटेवर विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे सुरू झाले, तर मांत्रिक नको, दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणातली कितीतरी मुले वाचली आहेत. साप चावला तर घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. मुलाला चालवू नका, अवयव हलू न देता दवाखान्यात आणा.

पुढे काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले गेले. कोकणातल्या वाड्यावाड्यांत पट कमी होतोय, हे खरे. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, मैदान, प्रयोगशाळा, बरोबरीची मुले, हे फायदेही खरे. पण सहा वर्षांच्या मुलाची शाळा लांब गेली की अंतराची जुनी सबब पुन्हा जिवंत होते. अशी चर्चा तुमच्या गावात आली, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चार प्रश्न लेखी विचारा. गाडी कोण देणार? ती पावसाळ्यात वाडीपर्यंत येणार का? गाडीत सोबत मोठे माणूस कोण असणार? दुपारी मूल आजारी पडले तर त्याला घरी कोण आणणार?

यांची उत्तरे मिळाली तर खुशाल पुढे जावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर थोडे दिवस मूल ‘गैरहजर’ लागेल आणि मग हळूहळू त्याचे नाव पटावरून जाईल. आणि दोष मात्र पुन्हा घरच्यांवरच येईल.