दारात उभ्या असलेल्यांचे प्रश्न



आमच्या मंडळीतला एखादा तरुण पदवी झाल्यावर पाचारणाची गोष्ट बोलू लागला, की पाळकसाहेब त्याला म्हणतात, आधी सेमिनरी पाहून ये. तो दोन-तीन दिवस राहून येतो आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती जमतो. फी किती? मेसमध्ये भाकरी मिळते का? मराठी बोलणारं कोणी आहे का? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्यांनी याहून अवघड प्रश्न विचारले आणि त्यामुळे सेमिनरीच बदलली, असे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. ते ओबरलिनचे. त्याचा एक धागा आपल्या नागपूरलाही येऊन मिळतो.

सिनसिनाटी शहरात लेन नावाची सेमिनरी होती. शहर ओहायो नदीच्या काठी. नदीच्या अलीकडे गुलामगिरीला बंदी, पलीकडे केंटकीत माणसांची राजरोस खरेदी-विक्री. फेब्रुवारी 1834 मध्ये थिओडोर वेल्ड या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने तिथे 18 रात्री वादसभा चालली. गुलामांना ताबडतोब मुक्त करावे का? मुक्त झालेल्यांना आफ्रिकेत नेऊन वसवण्याच्या योजनेला ख्रिस्ती माणसाने पाठिंबा द्यावा का? त्या सभेत जेम्स ब्रॅडली हा एकच काळा विद्यार्थी होता. अगदी लहानपणी त्याला आफ्रिकेतून पळवून आणले होते. मालकाचे दिवसाचे काम उरकल्यावर रात्री जागून, मक्याच्या सालींचे घोड्यांच्या गळ्यातले पट्टे विणून आणि विकून त्याने पैसा साठवला व स्वतःला विकत घेतले. तो बोलायला उभा राहिला तेव्हा दुसऱ्या कोणाच्या मुद्द्यांची फारशी गरज उरली नसावी, असे आम्हाला वाटते.

विद्यार्थी नुसते बोलून थांबले नाहीत. शहरातल्या काळ्या लोकांसाठी त्यांनी शाळा चालवल्या, त्यांच्या घरी जाऊ-येऊ लागले. व्यापारी चिडले. सेमिनरीचे प्रमुख लायमन बीचर (‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएटचे वडील) त्या उन्हाळ्यात बाहेरगावी होते. ते नसताना विश्वस्तांनी अशा चर्चांवर आणि विद्यार्थ्यांच्या संघटनेवर बंदी घालण्याचे ठरवले. शरद ऋतूत बहुतेक विद्यार्थी सेमिनरी सोडून बाहेर पडले.

त्याच वेळी, त्याच राज्यात, ओबरलिन नावाची दोन वर्षांचीही न झालेली एक वसाहत जंगल तोडून उभी राहत होती. तिला विद्यार्थी हवे होते आणि पैसा त्याहून अधिक हवा होता. तिचे संस्थापक जॉन शिफर्ड या लेनच्या विद्यार्थ्यांना भेटले. विद्यार्थ्यांनी सांगितले, येतो, पण रंग न पाहता सर्वांना प्रवेश द्या आणि बोलण्यावर बंदी नको. लेनच्या विश्वस्तांपैकी बंदीला विरोध करणारे पाळक एसा माहन अध्यक्ष व्हावेत, हेही ठरले. न्यूयॉर्कचे व्यापारी आर्थर टॅपन यांची देणगीही याच गोष्टींवर अडलेली होती. म्हणजे नुसता विवेक नव्हता, थैलीही होती. हे लपवू नये.

ओबरलिनमध्येही खळबळ उडाली. भल्या, प्रार्थनाशील माणसांनी जाण्याची भाषा केली. फेब्रुवारी 1835 मध्ये विश्वस्तांची मते सम पडली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या जॉन कीप यांच्या एका मताने निर्णय झाला. ठरावाची भाषा मात्र कमालीची सौम्य आहे. काळ्या लोकांच्या शिक्षणाला उत्तेजन द्यावे, एवढेच त्यात आहे. दार मात्र उघडले. लेनचे तीसेक विद्यार्थी आले आणि साल न काढलेल्या फळ्यांच्या, घाईने बांधलेल्या लांबलचक इमारतीत राहिले.

आपण हे वाचून अमेरिकेकडे बोट दाखवू नये. 1833 मध्येच कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांना दक्षिण भारतातल्या मंडळ्यांना पत्र लिहून सांगावे लागले होते, की मंडळीत जातिभेद चालणार नाही. त्यावर तंजावरात कितीतरी कुटुंबे मंडळी सोडून गेली. वेगळे बाक, वेगळा पेला, हे आपल्याही घरचे आहे.

अशा उघड्या दारातही दुसरे दार असते. ओबरलिनमध्ये मुली आरंभापासून शिकत होत्या. अँटोनेट ब्राऊन हिने 1847 मध्ये तिथला अभ्यासक्रम संपवला आणि धर्मशास्त्राच्या वर्गात बसू द्या म्हणून विचारले. बसू दिले. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असा अर्थ लावतात त्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या 14व्या अध्यायावर तिने निबंध लिहिला, तोही महाविद्यालयाच्या त्रैमासिकाने छापला. 1850 मध्ये अभ्यास पुरा झाला, पण पदवी दिली नाही. तिच्या दीक्षेलाही हात पुढे केला नाही. 1853 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साऊथ बटलर गावच्या मंडळीने तिला पाळक म्हणून दीक्षा दिली. ओबरलिनने तिला डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी दिली ती 1908 मध्ये, तेव्हा ती 80 ओलांडून गेली होती.

आता नागपूर. कोरियाच्या युद्धात सैन्यभरती नाकारल्याबद्दल तुरुंग भोगलेला जेम्स लॉसन हा मेथडिस्ट तरुण 1953 मध्ये हिस्लॉप कॉलेजात आला. मुलांना खेळ शिकवायचा आणि गांधीजींचा अभ्यास करायचा. सेवाग्राम तिथून जवळच. अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्याने ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली. 1956 मध्ये तो परतला आणि धर्मशास्त्र शिकायला ओबरलिनला गेला. 6 फेब्रुवारी 1957 रोजी तिथे मार्टिन ल्यूथर किंग आले. दोघे एका टेबलावर जेवायला बसले. लॉसन म्हणाला, शिक्षण झाल्यावर दक्षिणेत काम करीन. किंग म्हणाले, थांबू नका, आताच या.

लॉसन नॅशव्हिलला गेला आणि तिथल्या व्हँडरबिल्ट सेमिनरीत दाखल झाला. जेवणाच्या काउंटरवर शांतपणे बसून राहण्याचा सत्याग्रह त्याने विद्यार्थ्यांना शिकवला. नागपुरात मिळवलेले त्याला उपयोगी पडले. मार्च 1960 मध्ये विद्यापीठाने त्याला काढून टाकले. निषेध म्हणून सेमिनरीच्या बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे पुढे केले. पदवी त्याने बोस्टनहून घेतली.

1966 मध्ये ओबरलिनची धर्मशास्त्र शाळा बंद पडली आणि दुसऱ्या एका सेमिनरीत विलीन झाली. ती सेमिनरी व्हँडरबिल्टची. आणि 2006 मध्ये त्याच व्हँडरबिल्टने जेम्स लॉसन यांना शिकवण्यासाठी बोलावले.