बंदराच्या फोटोत हरवलेल्या बाया

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली की आपण सगळ्याच मोबाइल काढतो. मागे बोटी, वर पक्षी, मध्ये आपण. क्षणात फोटो निघतो. आज आम्ही सांगणार आहोत, मुंबई बंदराचा फोटो काढणं एके काळी किती जिकिरीचं होतं आणि त्यात कोण हरवलं.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. तेव्हा फोटो काचेवर निघत. काचेला चिकट रसायन लावायचं, अंधारात ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. काच वाळली की मेहनत वाया! म्हणून फोटोग्राफर काळा तंबू बरोबर बाळगत.

एवढं करूनही काचेवर चित्र उमटायला बहुधा काही सेकंद लागत. तेवढ्यात लाट हलते, होडी डुलते, डोलकाठी पुसट होते. किनाऱ्यावरच्या इमारती मात्र स्वच्छ येतात. डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई? तिचा नुसता धूसर पट्टा, किंवा तोही नाही.

मग माणसांचे फोटो कसे निघाले? विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६० च्या दशकात मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींचे फोटो पुस्तकरूपाने छापले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसं एका ठिकाणी बसवून टिपली आणि मागचा देखावा दुसऱ्या फोटोतला जोडला. माणसं वेगळी, त्यांची जागा वेगळी!

पुढे कोरड्या काचा आल्या, फोटो झटपट निघू लागले. १८७५ साली ससून डॉक झालं, १८८० साली प्रिन्सेस डॉक. आता हलती बोटही टिपता येऊ लागली. पण बंदराच्या जुन्या फोटोंच्या खाली आपण काय वाचतो? गोदीचं नाव, जहाजाचं नाव. मासळी निवडणारी, लिलावात भाव करणारी कोळीण असलीच तर बिननावाची. म्हणजे अडचण नुसत्या काचेची नव्हती, बघणाऱ्याच्या नजरेचीही होती.

२०१७ साली ससून डॉकमध्ये कला महोत्सव भरला. तेव्हा तिथल्या कोळी बायाबापड्यांचे भलेमोठे फोटो भिंतींवर लागले. ज्या धक्क्यावर त्या राबतात, त्याच धक्क्यावर त्यांचे चेहरे!

आपल्यापैकी अनेकींच्या ट्रंकेत असा एखादा फोटो असेल. कोकण सेवक किंवा कोकण शक्ती बोटीच्या डेकवर उभी आई, घारापुरीच्या लाँचमध्ये मावशी. कोकण सेवक, कोकण शक्ती या प्रवासी बोटी आता धावत नाहीत. कुणासाठी तो फोटो घरगुती आठवण असेल, पण बंदराचा इतिहास लिहिणाऱ्याला तो पुरावा आहे.

तेव्हा एवढं करू या. फोटो बाहेर काढू या. घरातल्या म्हातारीला विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने हलकेच लिहू या: कोण, कुठली बोट, कोणतं साल. जहाजाचं नाव त्याच्या अंगावरच रंगवलेलं असतं. बाईचं नाव आपणच लिहायला हवं.