सळई तोडणाऱ्या यंत्राची कुळकथा

सातारा-सांगलीकडे पूल होवो नाही तर दवाखाना, सरकारी कामावरच्या सळईचे तुकडे तोडून घेतल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मग ठेकेदाराचा माणूस ते तुकडे घेऊन कराडच्या शासकीय नाही तर सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाट धरतो. तिथल्या सळई तोडणाऱ्या यंत्राला सगळे यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) म्हणतात.

या घराण्याचा मूळपुरुष स्कॉटलंडचा डेव्हिड कर्कल्डी. 1865 साली त्याने लंडनसाठी सुमारे 116 टन वजनाचं चाचणीयंत्र बनवून घेतलं. लोखंड विकणारा तो नव्हे आणि विकत घेणाराही नव्हे. पैसे घेऊन फक्त तोडून द्यायचं. मतं नकोत, तथ्यं हवीत, असं त्याने दारावरच कोरून ठेवलं होतं. माणूस हेकट असणार, पण धंदा नेमका हेरला.

आपल्याकडे लोखंडाची परीक्षा बराच काळ रानातच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सुरुवातीचे नांगर, लोखंडाने जमीन बाटते या समजुतीपायी, पडून राहिले होते. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, सातारारोडला कूपरचा कारखाना आला, ओतकाम या पट्ट्यात मुरलं. मग तोडणारी यंत्रंही इथेच बनू लागली. इचलकरंजीतली ‘फाय’ म्हणजे फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनिअर्स: नावात इंधन, ख्याती सळया तोडण्याच्या यंत्रांची! मिरजेतही असे कारखाने उभे राहिले.

जुन्या यंत्राच्या तबकडीवर दोन काटे असतात. 16 मिलिमीटरची सळई जबड्यात धरून तेलाचा दाब वाढवला की पुढचा काटा मागच्याला ढकलत नेतो. ‘500’ प्रतीच्या सळईने साधारण सव्वादहा टन तरी बिनतक्रार पेलायला हवेत. पुढे कुठेतरी काटा घुटमळतो आणि सळईवरची खपली झडू लागते. लोखंडाने हार मानली ती इथे. तरी भार आणखी चढतो, मग एका जागी मान बारीक होते, पुढचा काटा परत फिरतो, मागचा कमाल भारावर तसाच राहतो आणि काडकन आवाज होतो. नवख्या विद्यार्थ्याला आधी बजावलेलं असतं, तरी तो दचकतोच.

ठेकेदाराचं लक्ष टनांवर. खरी मेख त्यापुढच्या रकान्यात, म्हणजे ताणात. चाचणीआधी सळईवर 80 मिलिमीटर अंतराने खुणा ठोकलेल्या असतात. तुटलेली टोकं जुळवून ते अंतर पुन्हा मोजायचं: साध्या ‘500’ला 12 टक्के वाढ पुरते, ‘500 डी’ला 16 टक्के लागते, म्हणजे 80चे किमान 92.8 मिलिमीटर व्हायला हवेत. ही ‘डी’ प्रत भारतीय मानक 1786 मध्ये 2008 साली आली. भूकंपात इमारत वाकली तर चालते, कडकन मोडता कामा नये, म्हणून ती लागते. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयना हादरली आणि दख्खनच्या पठाराला भूकंपाचं भय नाही ही समजूत त्याच दिवशी संपली. तेव्हा सातारा-पाटणकडे घर बांधणाऱ्याने अहवालात टनांआधी हा रकाना बघावा.

आता तबकडी जाऊन संगणक आला, आलेखही आपोआप निघतो. पण तुटके तुकडे जुळवून मोजणं बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच चालतं, आणि जुळवताना मध्ये फट राहिली तर नापास सळईही पास होते.